टेल्स : अंगभूत साधनांची निवड

टेल्स ही संगणकावर मागमूस न ठेवता काम करता यावे म्हणून पेनड्राइव्हवरून चालवली जाणारी, डेबियन लिनक्सवर बेतलेली मुक्त कार्यप्रणाली. पहिली आवृत्ती जून २००९ मध्ये, तर १.० ही आवृत्ती एप्रिल २०१४ मध्ये निघाली. सप्टेंबर २०२४ मध्ये हा प्रकल्प टॉर या निनावी जाळ्याच्या प्रकल्पात विलीन झाला. टेल्सची इंटरनेटवरची ये-जा टॉर जाळ्यातून होते आणि संगणक बंद केला की त्या बैठकीतले काम विसरले जाते. कूटबद्ध कप्प्यात मुद्दाम ठेवलेले तेवढे उरते. अमेरिकी पाळतीची गुपिते फोडणारा एडवर्ड स्नोडेन आणि त्याच्याकडून कागदपत्रे मिळालेले पत्रकार टेल्स वापरत होते, हे उघड झाल्यावर तिचे नाव सर्वदूर गेले.

इतर लिनक्स वितरणांत कोणता प्रोग्रॅम आधीपासून द्यायचा हा बहुतेक आवडीनिवडीचा आणि जागेचा प्रश्न असतो. टेल्समध्ये तो सुरक्षेचाच भाग ठरतो. टॉर ब्राउझर, थंडरबर्ड, पासवर्ड जपणारा कीपासएक्ससी, फाइल पाठवायला अनियनशेअर, बिटकॉइनसाठी इलेक्ट्रम, शिवाय लिबरऑफिस, गिंप, ऑडॅसिटी असा मोठा संच तिच्यात येत आला आहे. पत्रकाराला मुलाखतीचे ध्वनिमुद्रण कापायचे असते, छायाचित्रातला चेहरा झाकायचा असतो. त्यासाठी तो नेहमीच्या संगणकाकडे वळला तर सगळी खबरदारी वाया गेली. म्हणून संच भरघोस हवा. पण आत आलेला प्रत्येक प्रोग्रॅम म्हणजे घराला आणखी एक दार.

हे दार कसे उघडे राहते याचे बोलके उदाहरण क्लॉज मेलचे. हा टपाल-प्रोग्रॅम टेल्समध्ये बरीच वर्षे होता. आयमॅप पद्धतीने खाते जोडले असेल, तर पत्र कूटबद्ध होण्याआधीची त्याची उघडी प्रत सर्व्हरवर जाऊन पडू शकते, असे २०१५ मध्ये लक्षात आले. म्हणजे लखोट्याला लाख लावायची, पण मजकुराची नक्कल पोस्टमास्तरच्या टेबलावर ठेवून यायची. त्याच वर्षाअखेर आइसडव्ह (थंडरबर्डचाच डेबियनमधला अवतार) आणला गेला आणि पाठोपाठ क्लॉज मेल गेला. व्हिडिओ प्लेअरसारख्या निरुपद्रवी वाटणाऱ्या साधनाचीही तीच गत. २०२० मधील वृत्तांनुसार, मुलींना छळणाऱ्या एका गुन्हेगाराचा खरा आयपी पत्ता अमेरिकेच्या एफबीआयने टेल्समधल्या व्हिडिओ प्लेअरच्या दोषातून मिळवला. तो दोष वापरणारे साधन फेसबुकने पैसे मोजून करवून घेतले होते. पकडला गेलेला इसम दयेस पात्र नव्हता. तरी त्या भोकातून कोणाला पाहायचे हे भोक ठरवत नाही.

उपयुक्त भरही अंगाशी येऊ शकते. टॉर ब्राउझरची मूळ कल्पना अशी की सगळे वापरणारे संकेतस्थळाला एकसारखे दिसावेत. टेल्सने त्यात जाहिराती अडवणारे यूब्लॉक ओरिजिन घातले. पाने हलकी झाली, पण जाहिराती मागितल्याच जात नाहीत हे पाहून हा ब्राउझर टेल्समधला असावा, असा तर्क संकेतस्थळाला करता येऊ लागला. गर्दीत मिसळायला निघालेल्या सगळ्यांनी एकाच रंगाची टोपी घालावी, तसे.

कधी निर्णय सांभाळणाऱ्या हातांवर ठरतो. आयटूपी हे टॉरसारखेच दुसरे निनावी जाळे टेल्समध्ये होते. जुलै २०१४ मध्ये त्यातले गंभीर दोष उजेडात आले. २०१७ मध्ये ते काढले गेले, कारण ते नीट बसवून जपायला चमूला सवड नव्हती. माझ्या मते टेल्सच्या इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक निर्णयांपैकी एक. तशाच प्रामाणिकपणे फेब्रुवारी २०२४ च्या ६.० आवृत्तीत फाइल कायमची पुसण्याचा ‘वाइप’ हा पर्यायही मेनूतून गेला: पेनड्राइव्ह आणि एसएसडी माहिती आतल्या आत वेगळ्या जागी लिहीत असल्याने पुसल्याची खात्री देता येत नाही.

संचात नसलेले डेबियनचे पॅकेज ‘ॲडिशनल सॉफ्टवेअर’ या सोयीने वापरणाऱ्याला स्वतः घालता येते. त्याची नोंद त्याच कूटबद्ध कप्प्यात राहते आणि कप्पा उघडून टेल्स सुरू केली की ते पॅकेज पुन्हा बसवले जाते. टेल्सच्या चमूने मात्र ते तपासलेले नसते.