एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यांचा टिकाऊपणा

ज्या कॅमेऱ्यात चित्र घेणाऱ्या भिंगातूनच आलेला प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन दृश्यदर्शकात पोहोचतो व चित्र घेतेवेळी आरसा वर उचलला जातो, त्यास एकभिंगी परावर्ती कॅमेरा म्हणतात. ३५ मिमी. फिल्मवरील या प्रकाराचा प्रसार ड्रेझ्डेन येथील ईहागे कंपनीच्या किने एक्झाक्टा (१९३६) या कॅमेऱ्यापासून झाला. पंचकोनी लोलक (काँटॅक्स एस, १९४९) व आपोआप खाली परतणारा आरसा (आसाहीफ्लेक्स २ बी, १९५४) यांमुळे तो हाताळण्यास सुलभ झाला. मात्र प्रत्येक चित्रासाठी आरसा, छिद्रपटल व झडपेचे दोन पडदे यांची हालचाल क्षणार्धात व ठराविक क्रमाने व्हावी लागत असल्याने, साध्या पेटी कॅमेऱ्यात न उद्भवणारा विश्वसनीयतेचा प्रश्न येथे उद्भवतो.

कॅमेऱ्याचा टिकाऊपणा सामान्यतः झडप किती वेळा उघडमीट करू शकते यावरून मोजतात. कोकण किनाऱ्यावर हे माप अपुरे पडते. मालवण तालुक्यातील कट्टा व आसपासच्या गावांत मृगापासून हस्तापर्यंत हवा दमट असते व सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा ८० टक्क्यांहून अधिक राहते. शिवाय किनाऱ्याकडील वाऱ्याबरोबर क्षारकण येतात. तेथे कॅमेरा वापराने झिजण्यापूर्वी कपाटात बिघडतो. भिंगावरील धूळ व तेलकट अंश यांवर बुरशी वाढते आणि तिच्यापासून निर्माण होणाऱ्या अम्लांमुळे भिंगावरील लेप कोरला जातो. मग पुसूनही तो पूर्ववत होत नाही. शोभिवंत चामडी पेटी ओलावा धरून ठेवीत असल्याने ती या कामी शत्रूच ठरते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा अधिक हितकर असून त्या पुड्या वेळोवेळी तापवून कोरड्या कराव्या लागतात.

१९९१ नंतर आयातीवरील निर्बंध सैल होईपर्यंत जपानी कॅमेरे व त्यांचे सुटे भाग भारतात दुर्मिळ होते. त्यामुळे गावातील छायाचित्रकाराच्या दृष्टीने दुरुस्तीची सोय हा टिकाऊपणाचाच भाग होता. पडद्यास पडलेले सूक्ष्म छिद्र किंवा मंदावलेली झडप हे दोष फिल्म धुतल्यावरच उघड होत. तोवर लग्नाचा मांडव उतरलेला असे. तो प्रसंग पुन्हा टिपता येत नसे आणि छायाचित्रकाराची पत जाई.

या कसोटीवर निकॉन एफ (१९५९) श्रेष्ठ ठरतो. त्याच्या झडपेचे पडदे टायटॅनियमच्या पातळ पत्र्याचे असून प्रकाशमापक निराळ्या दृश्यदर्शकात बसविला जाई. मापक निकामी झाला तरी कॅमेरा चालूच राही. पेंटॅक्स के १००० (१९७६–९७) मध्ये रबर चढविलेल्या कापडी पडद्यांची झडप आहे. कापड दमट हवेत कालांतराने चिकट किंवा ताठर होते. तथापि यंत्रणा साधी असल्याने कुशल कारागिरास ती दुरुस्त करता येते. सोव्हिएट झेनिट-ई ओबडधोबड व नगागणिक कमीअधिक गुणवत्तेचा. त्याच्या सेलेनियम मापकास विद्युत् घट लागत नाही, पण त्या मापकाची संवेदनक्षमता जुनेपणाने घटते. निकॉन एफएम २ (१९८२) मध्ये धातूच्या पात्यांची यांत्रिक झडप असून घट केवळ मापकापुरता लागतो. किनाऱ्यावरील वापरास यांपैकी हाच सर्वांत सोयीचा म्हणावा लागेल.

कॅनन एई-१ (१९७६) मध्ये झडपेचे नियंत्रण इलेक्ट्रॉनीय असल्याने ६ व्होल्टचा घट संपला की कॅमेरा मुका होतो. त्यातील आरशाच्या यंत्रणेचे वंगण सुकल्यास चित्र घेताना किंचाळल्यासारखा आवाज येतो. हा दोष सर्वपरिचित असून दुरुस्त करता येतो. निकॉन एफ ३ (१९८०) हाही इलेक्ट्रॉनीयच, परंतु घटाविना १/६० सेकंदाची एक यांत्रिक गती त्यात राखलेली आहे.

ऑलिंपस ओएम-१ (१९७२) सारख्या कॅमेऱ्यांचे मापक १.३५ व्होल्टच्या पारा घटावर बेतलेले होते. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ते घट बाजारातून गेले. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा अल्कली घट घातल्यास मापन चुकते. स्पॉटमॅटिक (१९६४) मध्ये सेतू मंडल असल्याने हा दोष फारसा जाणवत नाही. पाठीमागील झाकणाच्या खाचेतील फेस-रबर मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत विरघळून काळा चिकटा होतो व आत प्रकाश शिरू लागतो. जुना कॅमेरा घेताना नावापेक्षा ही खाच आणि उजेडासमोर धरलेले भिंग प्रथम तपासतात.