विस्मरणाची मेजवानी

समाजाचे सण त्याची श्रद्धा सांगतात, हे आपण सारेच मानतो. परंतु त्याच्या कार्यालयीन मेजवान्या त्यातील अधिकाराची उतरंड सांगतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. जपानमधील एका विद्यापीठात अध्यापन करीत असताना डिसेंबरात आम्हाला विभागाच्या 'बोनेनकाई'चे निमंत्रण आले, तेव्हा आमच्याही ते ध्यानी आले नव्हते.

'बो' म्हणजे विसरणे, 'नेन' म्हणजे वर्ष आणि 'काई' म्हणजे मेळावा. सरत्या वर्षाचे क्लेश विसरण्यासाठी एकत्र जमण्याची ही रीत जुनी आहे. राजपुत्र सादाफुसा यांच्या 'कानमोन निक्की' या रोजनिशीत १४३० सालच्या वर्षअखेरीस साखळीकाव्याच्या बैठकीनंतर मद्यपान आणि नृत्य रंगल्याची नोंद असून तिला 'वर्ष विसरणे' असेच म्हटले आहे. १८७३ च्या आरंभी जपानने सौर कालगणना स्वीकारली आणि वर्षाचा शेवट ३१ डिसेंबरशी बांधला गेला. नात्सुमे सोसेकी यांच्या, १९०५ पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'मी एक मांजर आहे' या कादंबरीत 'बोनेनकाई' हा शब्द सहजपणे येतो; म्हणजे तोवर तो सुशिक्षितांच्या बोलण्यात रुळला होता. युद्धोत्तर भरभराटीच्या काळात कंपन्या आणि कचेऱ्यांनी ही रीत सार्वत्रिक केली.

त्या संध्याकाळी आम्ही पहिली चूक केली ती स्वतःचा पेला स्वतःच भरण्याची. तेथे आपण शेजाऱ्याचा पेला भरायचा आणि आपला त्याने. अधिक नको असेल, तर पेला भरलेलाच ठेवायचा. आपल्या पंगतीत ताटावर आडवा हात धरूनही आग्रह थांबत नाही. तेथे भरलेला पेलाच नकार देतो. ज्येष्ठ प्राध्यापक दारापासून सर्वांत दूरच्या, मानाच्या जागी, आणि सर्वांत कनिष्ठ दारापाशी. 'कानपाई'चा उच्चार होईपर्यंत कोणी पेला ओठांना लावला नाही.

पुढे मात्र 'बुरेइको' सुरू झाले. बुरेइको म्हणजे पदाचा आब बाजूला ठेवून वागण्याची मुभा. मुदतीच्या नेमणुकीवर असलेला एक तरुण सहकारी विभागप्रमुखांसमोर गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, सर्वांत जास्त तास आम्ही घेतो, आणि पुढच्या वर्षी आम्ही असू की नाही, हे आम्हालाच ठाऊक नसते. प्रमुख हसले, किंचित झुकले आणि त्यांनी त्याचा पेला भरला. आम्हाला ते दृश्य विलक्षण लोकशाहीचे वाटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुसरी आणि मोठी चूक केली. व्हरांड्यात भेटताच आम्ही त्याच्या धैर्याचे कौतुक केले. त्याचा चेहरा उतरला. "काल मी फार प्यायलो होतो," एवढेच बोलून तो निघून गेला. जे विसरण्यासाठीच बोलले गेले होते, ते आम्ही लक्षात ठेवले होते. मार्चअखेर शैक्षणिक वर्ष संपले आणि त्याची मुदतही.

तेव्हा आम्हाला सोसेकींच्याच 'बोत्चान'मधील निरोपसमारंभाचा अर्थ नव्याने कळला. सोसेकी १८९५ मध्ये मात्सुयामा येथे शिक्षक होते; शिक्षकांच्या खोलीतील राजकारण त्यांनी जवळून पाहिले होते. १९०६ च्या या कादंबरीत कारस्थानाने दूर धाडल्या जाणाऱ्या एका सौम्य शिक्षकाला निरोप दिला जातो. त्याला घालवणारेच त्याची स्तुती करतात, तो सर्वांचे मनापासून आभार मानतो आणि मग मद्याच्या गोंधळात सारे त्याला विसरतात. मेजवानी अन्याय झाकत नाही. ती त्याला सुसह्य करते, आणि हेच अधिक गंभीर आहे.

पण जपानकडे बोट दाखवून आम्हाला मोकळे होता येणार नाही. मायदेशी परतल्यावर जानेवारीत महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात तिळगूळ वाटला गेला. गोड बोलण्याचे आवाहन म्हणजेही मागचे विसरण्याचे आवाहन. फरक एवढाच की, तेथे एका रात्रीपुरते कडू बोलण्याची मुभा होती. आमच्याकडे तीही नाही. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारा आमचा एक सहकारी दारापाशीच उभा राहून तिळगूळ घेत होता. त्याने आमच्या पाया पडून गोड शब्दांत शुभेच्छा दिल्या. पुढच्या जूनमध्ये त्याला बोलावणे येईल का, हे आम्ही त्याला विचारले नाही.