शिलंगण, वावरी आणि खंडा

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पिंपरीच्या मंडईत वावरी विकायला येते. घट बसवायला लागते ती शेतातली माती म्हणजे वावरी. वावर म्हणजे शेत, त्यावरून. पूर्वी ही विकत घ्यायची वस्तूच नव्हती. घरातलं कुणी वावरात जाई आणि टॉवेलात बांधून आणी. आता ती प्लास्टिकच्या पिशवीत मिळते, शेजारी मातीचा घट, परडी आणि सात धान्यांची पुडी. ज्यांची वावरं कारखान्यांच्या प्लॉटमध्ये गेली त्यांच्याही घरी ही पिशवी जाते, आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही.

वावरीपासून सुरुवात करण्याचं कारण असं, की दसऱ्याच्या गप्पा नेहमी तलवारीपासून निघतात. रावण, महिषासुर, पांडवांची शमीच्या झाडावरची शस्त्रं. मराठीतले दसऱ्याचे शब्द मात्र एकेक करून उकलले, तर बहुतेकांच्या पोटात पीक निघतं. लढाई आहेच, पण तीही पिकाच्या तंत्राने चालणारी.

खुद्द ‘दसरा’ या शब्दाची गोष्ट सरळ नाही. संस्कृत धर्मग्रंथांत ‘दशहरा’ म्हणतात ती ज्येष्ठ शुद्ध दशमीला. दहा पापं हरण करणारी गंगा, तिचा तो दिवस. आश्विनातल्या दशमीचं पोथीतलं नाव विजयादशमी. लोकांनी दशहरा आश्विनात आणला आणि मग त्यात रावणाची दहा डोकी बसवली. अर्थ मागाहून चिकटवायची ही खोड सगळ्याच सणांच्या नावांना असते, म्हणून मी या शब्दापाशी फार रेंगाळत नाही.

रेंगाळावं असा शब्द म्हणजे शिलंगण. मूळ सीमोल्लंघन, पण तो भटजींच्या तोंडचा. कुणब्याच्या तोंडी त्यातला ‘म’ गळाला, ‘घ’चा ‘ग’ झाला आणि आरंभीच्या ‘सी’चा ‘शि’. हा ‘श’ काही गावंढळपणा नव्हे, मराठीची रीतच आहे: सिंदूरचा शेंदूर होतो, सीव् धातूचं शिवणं होतं. सीमेची तर पुरती शीव झाली. ग्रामचं गाव, नामचं नाव, तशी सीमेची शीव. मुंबईचं शीव स्टेशन म्हणजे जुन्या मुंबई बेटाची हद्दच. शिवार हाही त्याच शिवेचा, गावाच्या हद्दीतली जमीन. सीमा, शीव, शिवार, शिलंगण असं हे एक घराणं आहे, आणि त्यातलं निम्मं अजून तलाठ्याच्या दप्तरात नांदतं. चाकण भागात जमिनीच्या भांडणात ‘शिवरस्ता’ हा शब्द कानावर येतोच. दोन गावांच्या शिवेवरून जाणारी वाट ती.

शीव ओलांडायला दसराच का? आषाढ-श्रावणात नद्या फुगलेल्या, वाटांचा चिखल, आणि शिपाई म्हणावा तो माणूस औतामागे. आश्विन उजाडला की नद्या उतरतात, घोड्याला वैरण मिळते, बाजरी कापणीला येते. हातात दाणा आल्यावरच मुलूखगिरीला निघणं परवडे. म्हणजे शिलंगण हा मराठ्यांच्या मोहिमांचा मुहूर्त ठरवला तो पंचांगाइतकाच बाजरीने. हे तंत्र न पाळणाऱ्याला काय सोसावं लागतं, याचं उदाहरण चाकणच्याच वेशीत आहे. १६६०च्या जूनमध्ये, ऐन पावसात, शाहिस्तेखानाने संग्रामदुर्गाला वेढा घातला. भुईवर बांधलेला एवढासा कोट, पण फिरंगोजी नरसाळ्याने तो ऑगस्टपर्यंत, जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा कुठे तो पडला.

आता सोनं. दसऱ्याला आपण सोनं ‘लुटतो’, आणि हे क्रियापद मला नेहमी खटकत आलं आहे. सणाच्या दिवशी लूट कसली? पुराणिकांचं उत्तर कौत्साच्या गोष्टीत आहे. गुरुदक्षिणेला चौदा कोटी मोहरा हव्यात म्हणून तो रघुराजाकडे येतो, रघू कुबेरावर चाल करायला सिद्ध होतो, आणि रातोरात सोन्याचा पाऊस पडतो. पण कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात हा पाऊस राजाच्या कोशागारात पडतो. आपट्याच्या झाडावर तो पाडला तो लोककथेने. झाड आधी होतं, कथा त्याला शोधत आली, असं माझं मत.

लूट खरी होती, ती शेतात. मराठ्यांच्या दसऱ्याची जी जुनी वर्णनं इंग्रज लष्करी माणसांनी लिहून ठेवली आहेत, त्यांत मिरवणूक शिवेबाहेर जाते आणि लोक उभ्या पिकात शिरून कणसं ओरबाडतात. नव्या धान्याची ती कणसं घरी येत, देवापुढे जात. पिकलेल्या कणसाचा रंग पाहिलेल्या माणसाला सोनं हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पुढे कणसं मागे पडली, आपट्याचं पान राहिलं आणि क्रियापद तेवढं पानाला चिकटून आलं. आता तर पिंपरीच्या रस्त्यावर जो ढीग विकायला असतो त्यात आपट्याऐवजी कांचनाची पानं खपवलेली सर्रास दिसतात. दोघांच्या पानांची जोड सारखी, म्हणून खपतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि मऊ. सोन्यातही भेसळ!

घटात उगवलेलं धान दसऱ्याला उपटून टोपीत खोवायचं, ही रीतही पिकाचीच. नऊ दिवसांत बी कसं रुजतं ते घरातच दिसतं.

मग तलवार कुठे आहे? ती नवमीला आहे. खंडेनवमीतला खंडा म्हणजे सरळ, रुंद पात्याची दुधारी तलवार. खंडोबाच्या नावातही हाच खंडा, असं सहसा सांगतात. जेजुरीच्या मर्दानी दसऱ्यात बेचाळीस किलोचा खंडा तोलण्याची चुरस लागते, आणि आपल्या आकुर्डीला तर खंडोबाचा अख्खा माळच आहे. शेतकऱ्याने खंड्याच्या जागी विळा, कोयता, कुऱ्हाड मांडली, सुताराने रंधा. घरांत हे सगळं हळूहळू दशमीवर सरकलं. गाडी धुवून हार घालायचा तो दसऱ्याला. खंडेनवमी हा शब्द कॅलेंडरच्या चौकोनात उरला असता.

तो वाचवला कारखान्यांनी. दसऱ्याला सुट्टी, मग मशीनची पूजा करायची कधी? आदल्या दिवशी. म्हणून भोसरीच्या शेडपासून चाकणच्या मोठ्या प्लँटपर्यंत शॉप फ्लोअरवर ‘उद्या खंडेनवमी’ असंच म्हणतात. लेथ पुसून घेतात, प्रेसला झेंडूचा हार, सीएनसीच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक, कोहळा फोडायचा, पेढे वाटायचे. व्हर्नियर आणि पाने एका पाटावर ओळीने. उत्तरेतून आलेले कामगार १७ सप्टेंबरला विश्वकर्मापूजा करून मोकळे झालेले असतात, कर्नाटकातल्याला ही आपली आयुधपूजाच वाटते. तिथीचा शब्द सुट्ट्यांच्या यादीमुळे टिकला, हे व्युत्पत्तिकारांना सुचलं नसतं.

त्या कर्नाटकातल्या कामगाराला आणखी एक शब्द ओळखीचा वाटेल: सुगी. कानडीत सुग्गी म्हणजे कापणीचा हंगाम, आणि संक्रांतीच्या सणालाही तिकडे सुग्गी म्हणतात. आपल्या सुगीला संस्कृतात मूळ शोधण्यापेक्षा तिकडे पाहावं. मराठी शेतीत कानडी शब्द पुष्कळ आहेत. शेजाऱ्याची औतं मागून आणताना शब्दही आले असणार. वर्तमानपत्रांत ‘वाहनउद्योगाला सुगीचे दिवस’ असा मथळा येतो तो मात्र या पट्ट्यात नेमका बसतो. दसरा हा साडेतीन मुहूर्तांतला, नवी गाडी घरी आणायचा. गाड्या त्या दिवशी शोरूमच्या दारात हव्यात, म्हणून भाद्रपदातच ओव्हरटाइम सुरू होतो. इथली सुगी दसऱ्याच्या आधी येते.