दारातलं झाड

डार्करूममध्ये आयुष्य काढलेला माणूस मी. लग्नं, मुंजी, बारशी, सगळं धुऊन दिलं. झाडाचा फोटो क्वचितच यायचा आणि तो बहुधा रोल संपवायला काढलेला असायचा. छत्तीसातल्या एक-दोन फिल्म उरल्या की लोक दारातला आंबा टिपून टाकत.

फोटोग्राफीच्या सुरुवातीला मात्र झाडाचा मान मोठा होता. इंग्लंडात लेकॉक इथे विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४० च्या दशकात आपल्या परिसरातल्या ओकचा फोटो घेतला, तोही ऐन हिवाळ्यात. माझ्या धंद्याच्या नजरेला त्यात हिशेब दिसतो. १८४१ साली पेटंट घेतलेल्या त्यांच्या कॅलोटाइप कागदाला एक्स्पोजर लांबलचक लागे. माणूस हलायचा, झाड उभं राहायचं. पण हिरवा रंग त्या कागदाला जेमतेम कळे. पानं काळीठिक्कर यायची, वारा असला तर फिसकटायची. पानं झडलेल्या ओकच्या फांद्या मात्र स्वच्छ उमटल्या.

एकाच झाडाकडे वर्षानुवर्षं बघत राहिले ते प्रागचे योसेफ सुदेक. जन्म १८९६ चा, शिक्षण बुकबाइंडिंगचं. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला, तसा तो धंदाही सुटला. १९२७ साली त्यांनी उयेझ्द रस्त्यावरच्या एका अंगणातला लाकडी स्टुडिओ घेतला. १९३९ मध्ये जर्मन फौजा शहरात आल्या आणि कॅमेरा घेऊन रस्त्यावर हिंडणं जोखमीचं झालं. मग १९४० पासून सुदेक स्टुडिओच्या खिडकीतून बाहेर बघू लागले. बाहेर होतं एक वेडंवाकडं झाड.

त्याच सुमारास त्यांनी एन्लार्जर सोडला. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून कॉन्टॅक्ट प्रिंट काढायचा. निगेटिव्ह जेवढी, फोटो तेवढाच. काचेवर कधी दंव, कधी वाफ, कधी पावसाचे ओघळ. कित्येकदा फोकस काचेवर आणि झाड मागे धूसर. असा प्रिंट आमच्या काउंटरवर गिऱ्हाइकाने परत केला असता. सुदेकच्या फोटोंत मात्र त्या धूसरपणामुळेच बाहेरची थंडी कळते.

सोसायटीतला बदाम मी हल्ली फोनवर टिपतो, तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून, डासांच्या जाळीसकट. जाळी सरकवून काढलेला फोटो नेटका येतो, पण तो कुठल्याही बदामाचा वाटतो. जाळीतून, पानं लाल होऊन गळायला लागलेली असताना काढलेला माझ्या घरातून दिसणाऱ्या बदामाचा असतो.

सुदेकच्या फोटोंकडे लोक युद्धकाळातली कैद म्हणून बघतात. पण युद्ध १९४५ ला संपलं, रस्ते मोकळे झाले, आणि खिडकीतले फोटो १९५४ पर्यंत चालू राहिले. पहिली काही वर्षं परिस्थितीच्या खात्यात टाकता येतील. पुढची नऊ त्या झाडाच्याच नावावर मांडावी लागतात.