वाळा : माठातला आणि बांधावरचा



उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकता ना? ती मुळं ज्या गवताची, ते आपल्याच देशाचं. एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकतं. ओढ्याकाठी, पाणथळ जागी आपसूक उगवतं. संस्कृतात त्याला 'उशीर' म्हणतात. कालिदासाच्या 'शाकुंतला'त तापलेल्या शकुंतलेसाठी उशिराचाच लेप नेतात. खसाचं अत्तरही या मुळांचंच.

पण मुळं हवीत म्हणजे खणणं आलं. उतारावर खणलं, की सुटलेली माती पहिल्या जोरदार पावसात ओढ्याला मिळते.

कर्नाटकात म्हैसूरजवळ गुंडलुपेट भागातल्या शेतकऱ्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी वाळा हद्दीवर लावला आणि पिढ्यान्‌पिढ्या राखला. कोवळा पाला जनावरांना घातला, मुळं जमिनीतच ठेवली.

तिकडे फिजी बेटांत १९५० च्या दशकात जॉन ग्रीनफील्ड यांनी उताराच्या उसाच्या रानात वाळ्याच्या ओळी लावून माती अडवली. पुढे १९८० च्या दशकात ते जागतिक बँकेच्या कामासाठी भारतात आले. रिचर्ड ग्रिमशॉ यांच्याबरोबर त्यांनी हाच उपाय इथं मांडला. १९९३ साली अमेरिकेत त्यावर ग्रंथ निघाला. आपल्या शेतकऱ्याच्या बांधावरचं गवत असं जगभर पोचलं!

यातली करामत साधी आहे. दाट ओळीपाशी पाण्याचा वेग मोडतो, पाणी पसरून मुरतं आणि गाळ मागं साठतो. मुळं आडवी न पसरता सरळ खाली, दोन-तीन मीटरपर्यंत जातात. म्हणून शेजारच्या पिकाला त्यांचा फारसा त्रास नाही.

लावायचा झाल्यास दक्षिणेकडचा वाळा निवडा. त्याचं बी उगवत नाही, त्यामुळं तो तणासारखा रानभर होत नाही. उत्तरेकडच्या वाळ्याचं बी उगवतं. पावसाळ्याच्या तोंडाला ठोंब फोडून, उताराला आडवी, एकाच पातळीत ओळ धरा. दोन फुटव्यांत चार ते सहा इंच अंतर पुरे. मर झाली तर नांग्या भरा, कारण एका खिंडारातून सगळं पाणी धावतं. रोप लहान असताना सावली नको. ओळ दाट व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात, तेवढा धीर धरा.

माठासाठी वाळा हवाच, तर सपाट जागी वेगळा वाफा करा. बांधावरचा आणि ओढ्याकाठचा मात्र खणू नका. माठातलं पाणी एका उन्हाळ्याचं. बांधावरची माती नातवंडांची.