कोलाडच्या लाटांमागचा मुळशी सत्याग्रह

१/४
कोलाडला राफ्टिंगचा बेत आखत असाल, तर सकाळची वेळ गाठा. भिरा जलविद्युत केंद्रात वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी तेव्हा कुंडलिकेत येते.

२/४
हे पाणी मूळचे कुंडलिकेचे नव्हे, घाटमाथ्यावरील मुळेचे. भीमेमार्गे पूर्वेकडे जाणारा हा प्रवाह टाटांनी मुळशीला धरण बांधून कोकणाकडे वळवला.

३/४
त्यासाठी मावळातील गावे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. धरण मात्र थांबले नाही. १९२७ मध्ये भिरा केंद्र सुरू झाले.

४/४
परतताना ताम्हिणी घाटाची वाट धरा. वाटेत दिसणाऱ्या मुळशी जलाशयाच्या तळाशी ती शेते आहेत.