ओले आणि सुके : मानकोली परिसरातील सणाच्या खाद्यनामांचा एक विचार

ठाण्याहून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावर, भिवंडी शहर येण्यापूर्वी, मानकोली हे गाव लागते. एका अंगास उल्हास नदीची खाडी, पलीकडे डोंबिवली, आणि भोवती काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे ही गावे असा हा परिसर आहे. आगरी बोलीतील शब्दांची टिपणे करण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाचे या भागात जाणे होत असे. तेथील नाक्यावर एकदा सहज चौकशी केली की, या बाजूचे म्हणून खास, चांगले खावयास कोठे मिळेल. गाडीपाशी उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी उत्तर दिले : "चांगला बाजारान नाय गावत. घरा ये, पन श्रावनान ये." या उत्तरात स्थळाबरोबर काळाचीही अट घातलेली होती. ती अट कोठून आली, हा या टिपणाचा विषय होय.

खाद्यपदार्थांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे एक चूक वारंवार होते. नाव जुने सापडले की पदार्थही तितकाच जुना मानला जातो. चालुक्य नृपती सोमेश्वर तिसरा (राज्यकाल इ. स. ११२७ ते ११३८) याच्या 'मानसोल्लासा'त अन्नभोगाच्या प्रकरणात मंडक, पोलिका, वटक, घारिका, इडरिका ही नावे येतात. त्यावरून मांडे, पोळी, वडा, घारगे यांची वंशावळ लावता येते, आणि ध्वनिदृष्ट्या ती बहुतांशी निर्दोषही आहे. परंतु इडरिका उडदाची होती. तांदूळ आणि उडीद एकत्र आंबवून केलेली आजची इडली ती नव्हे. शब्दाची परंपरा अखंड राहून वस्तू बदलू शकते. खांडवी म्हटले की कोकणातील घरात तांदळाच्या रव्याची, गुळाची गोड वडी समोर येते, तर गुजराती घरात बेसनाची तिखट सुरळी. नाव मात्र एकच. (विद्यार्थ्यांसाठी एक सूचना : सोमेश्वराचे कल्याण हे कर्नाटकातील बसवकल्याण होय. मानकोलीच्या शेजारचे खाडीवरील कल्याण निराळे. या दोहोंची गल्लत करून 'मानसोल्लासा'तील पाककृती ठाणे जिल्ह्याच्या नावावर जमा केलेल्या आढळतात!)

याउलट परक्या नावाचा पदार्थ अलीकडचाच असला पाहिजे, हाही समज तितकाच कच्चा आहे. जिलबीचे नाव अरबी-फारसी 'झलाबिया'पासून आलेले आहे. पण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, इ. स. १४५० च्या सुमाराच्या जिनसूराच्या 'प्रियंकरनृपकथे'त ती मेजवानीच्या ताटात आलेली आहे, आणि सतराव्या शतकातील रघुनाथाच्या 'भोजनकुतूहला'त तिची कृतीही दिलेली आहे. तेव्हा देशी विरुद्ध परकीय, किंवा हिंदू विरुद्ध मुसलमान, अशी जी वाटणी खाद्यनामांच्या बाबतीत सहज केली जाते, ती कितपत टिकते, हे एका मर्यादित प्रदेशात तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. मानकोलीचा परिसर त्यासाठी सोयीचा आहे. येथे आगरी, कोळी, कुणबी यांच्या वस्त्या आहेत, भिवंडीत कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, उत्तरेकडून आलेल्या विणकरांची मोठी वस्ती आहे, आणि खाडीच्या मुखाशी वसईकडे मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज आहे.

दुर्दैवाने जुन्या साधनांचे साहाय्य येथे थोडे मिळते. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) आगरी, कोळी इत्यादी बोलींचे नमुने आहेत. परंतु सर्वत्र पहिला नमुना म्हणून उधळ्या पुत्राची बायबलातील कथाच अनुवादासाठी दिलेली होती. त्या कथेत मेजवानी आहे खरी, पण ती पुष्ट वासराची. श्रावणातल्या पातोळीला तेथे शिरकाव मिळण्याचा प्रश्नच नव्हता. सर्वेक्षणाने क्रियापदांची रूपे जपली आणि स्वयंपाकघर बाहेर ठेवले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता प्रत्यक्ष पदार्थांकडे वळू. श्रावण-भाद्रपदातील घरगुती गोड पदार्थांत पातोळी (आगरी उच्चार 'पातोली', या बोलीत ळ आणि ण यांच्या जागी ल आणि न येतात) हा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. हळदीच्या पानावर तांदळाच्या पिठाचा लेप, त्यावर ओले खोबरे व गूळ, पान दुमडून वाफेवर शिजवणे, एवढीच कृती. नागपंचमीस चिरणे, कापणे, तळणे वर्ज्य मानतात, म्हणून वाफवलेला पदार्थ, हे एक कारण सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. हळदीचे पान मोठे, कोवळे आणि सुगंधी असते ते पावसाळ्यातच. पुढे ते वाळून जाते व जमिनीतला कंद काढला जातो. पान नाही तर पातोळी नाही. म्हणूनच गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे १५ ऑगस्टच्या मरियेच्या सणाला पातोळ्याच करतात. पंचांग निराळे, दैवत निराळे. पान मात्र तेच, आणि त्या पानाचा हंगाम धर्मांतराने बदलला नाही. बाईंनी घातलेली श्रावणाची अट ही मुळात पानाची अट होती.

बाजाराकडे पाहिले असता चित्र उलट दिसते. भिवंडीतील रमजानच्या रात्रीच्या बाजारात मालपुवा, खाजा, फेणी, नानखटाई, शेवया आणि खजूर यांची रेलचेल असते. हिजरी वर्ष चांद्र असून त्यात अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंमधून फिरून येतो. इ. स. २००० मध्ये तर रमजान-ईद जानेवारीत एकदा व डिसेंबरात पुन्हा एकदा आली. अशा फिरत्या सणाचा पदार्थ एखाद्या पानावर किंवा फळावर अवलंबून राहूच शकत नाही. त्याला मैदा, साखर, शेवई, खजूर, सुका मेवा असा बारमाही टिकणारा आणि दुरून येऊ शकणारा मालच लागतो. असा माल खाडीने आणि घाटरस्त्याने कल्याण-भिवंडीच्या पेठांत शतकानुशतके येत होता. 'पेरिप्लस'च्या काळापासून कल्याण हे बंदर परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक होते, आणि इ. स. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली त्यात या बंदराचे महत्त्व होतेच.

येथे कोणी म्हणेल की, ही तर धर्माचीच वाटणी झाली. परंतु नावे तसे सांगत नाहीत. 'खाजा' हा 'खाद्य-खज्ज' या मार्गाने आलेला शुद्ध तद्भव शब्द आहे. मालपुव्यातील 'पुवा' म्हणजे ऋग्वेदातील 'अपूप'. 'फेणी' संस्कृत 'फेनिके'वरून आली. रमजानच्या बाजारातील ही तिन्ही नावे प्राकृताच्या घरची आहेत. खाज्याचे रूपही स्थळागणिक पालटते : मालवणी जत्रेतला खाजा म्हणजे बेसनाच्या कांडीवर चढवलेला गुळाचा पाक, तर बिहारमधील सिलाव येथला खाजा म्हणजे मैद्याचे पदर. शिरखुर्म्यातील 'खुर्मा' (खजूर) फारसी आहे यात शंका नाही. पण 'शीर' म्हणजे दूध हा फारसी शब्द आणि संस्कृत 'क्षीर' हे एकाच मुळाचे असून, 'क्षीर'पासूनच आपली 'खीर' झाली. म्हणजे एका घरी खीर व शेजारी शिरखुर्मा शिजत असतो तेव्हा दोन्ही घरांत व्युत्पत्तिदृष्ट्या एकच शब्द शिजत असतो. 'नानखटाई' मात्र खरी प्रवासी : 'नान' म्हणजे रोटी आणि 'खताई' म्हणजे खताचा, अर्थात चीनचा.

तेव्हा वाटणी धर्माची नाही. घर आणि बाजार अशीही ती पुरती होत नाही, कारण शिरखुर्मा घरातच होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी वाटणी आपल्या भाषेने आधीच करून ठेवलेली आहे : ओले आणि सुके. ओले खोबरे व सुके खोबरे, ओले काजू व सुका मेवा, ओली मासळी व सुकी मासळी हा भेद कोकणपट्टीतील कोणत्याही गृहिणीच्या बोलण्यात पदोपदी येतो. ओला माल जागचा हलत नाही, म्हणून त्याचा पदार्थ त्या जागेचा व त्या महिन्याचा राहतो. सुका माल फिरतो, आणि त्याच्याबरोबर पदार्थ फिरतात, नावेही फिरतात.

या दृष्टीने 'सांदण' हा शब्द सर्वांत उद्बोधक आहे. कोकणातील हिंदू घरांत सांदण म्हणजे बरक्या फणसाच्या रसात तांदळाचा रवा कालवून वाफवलेला वैशाख-ज्येष्ठातील गोड पदार्थ. कोकणी मुसलमानांच्या घरी सांदण ईदेला आणि लग्नकार्यात होते. त्यात तांदूळ, नारळाचे दूध आणि आंबवण्यासाठी ताडी किंवा माडी. गोव्यातील ख्रिस्ती समाजाचे 'सान्न' हेही याच माडीने फुगवलेले. तिन्ही ठिकाणी तांदूळ आणि वाफ समान. फणसाचा रस एका ठिकाणी, आंबवण दोन ठिकाणी. मूळ कोणते?

संस्कृतात 'संधान' हा शब्द वैद्यकग्रंथांतून आंबवण्याच्या क्रियेस लावलेला आहे. कांजी, आसव इत्यादी संधानाने सिद्ध होतात. 'संधान' – 'सांधण' – 'सांदण' अशी परंपरा मला संभवनीय वाटते. आक्षेप उघड आहे : 'संधि'पासून 'सांधा' आणि 'बंध'पासून 'बांध' होताना मराठीने ध टिकवला, मग येथेच द का व्हावा? 'स्कंध'पासून 'खांदा' झाला हे उदाहरण पुढे करता येईल, पण तेथे आरंभीच्या ख-मुळे पुढचा महाप्राण गळाला असे म्हणता येते, म्हणून त्यावर भिस्त ठेवणे बरे नव्हे. तथापि बोलण्यात 'दूद', 'जीब' अशी रूपे सर्रास ऐकू येतात, आणि किनाऱ्यावरील बोलींत अनाद्य महाप्राण दुर्बळ होण्याची प्रवृत्ती बळकट आहे. किनाऱ्याबाहेर ज्याचे नावही कोणी घेत नाही, तो शब्द किनाऱ्याच्या उच्चारात रूढ झाला, यात अस्वाभाविक काही नाही. ही व्युत्पत्ती ग्राह्य धरली तर निष्कर्ष असा निघतो की, आंबवण्याचा मूळ अर्थ मुसलमान व ख्रिस्ती स्वयंपाकघरांनी जपला, आणि हिंदू घरांत ताडी वर्ज्य झाल्यावर किंवा होत असताना तिची जागा फणसाच्या रसाने घेतली व नाव तेवढे उरले. जुने ते आपल्याच घरी जपले गेले, या सर्वसाधारण समजुतीस हे उदाहरण छेद देते. नावावरून अर्थ आणि अर्थावरून नाव असे वर्तुळ यात होण्याचा धोका मी जाणून आहे. पण तीन परस्परभिन्न समाजांत एकच शब्द, एकच धान्य आणि एकच वाफ असणे हा पुरावा व्युत्पत्तीच्या बाहेरचा आहे.

सांदणास लागणारी ताडी हा ओल्या मालाचा पराकाष्ठेचा नमुना होय. झाडावरून उतरल्यापासून ती आंबू लागते व काही तासांत तिचा गुण पालटतो. झाड जवळ असेल तरच हे सांदण शक्य. आता बहुतेक ठिकाणी यीस्टवर काम भागवतात. ते सांदण फुगते, पण चाखणाऱ्या वडीलधाऱ्यांचे समाधान होत नाही.

नाक्यावरच्या गाडीकडे परत येऊ. तेथे मिळणारा वडापाव कोणत्याच ऋतूचा नाही. वडा 'वटका'चा वंशज. आतील बटाटा पोर्तुगीजांच्या मुखाने आलेला कॅरिबियन बेटांवरील शब्द. पाव हा पोर्तुगीज 'पांव'. इ. स. १५३४ ते १७३९ वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता, तेव्हा हे दोन्ही शब्द या किनाऱ्यावर रुळण्यास अवकाश भरपूर मिळाला. परंतु वडा आणि पाव एकत्र येण्याची कथा दादर स्थानकाबाहेर, १९६६ च्या सुमारास सुरू झाली असे सांगतात. जुनी नावे आणि नवा पदार्थ यांचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही. बटाटा, बेसन, मैदा, तेल हा सर्व टिकाऊ माल. म्हणून वडापाव बाराही महिने आणि कोणत्याही नाक्यावर तसाच असतो. तो वाईट आहे असे मुळीच नाही. मात्र त्यात मानकोलीचे असे काही शोधू नये.

या परिसराचे अलीकडचे रूपांतरही याच भेदाने समजते. मुंबई-ठाण्याच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि महामार्गाला लागून असल्यामुळे येथे मालाची गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली तरी गोदामे राहिली व वाढली. मानकोली-मोठागाव पूल खुला होऊन डोंबिवली काही मिनिटांवर आली. भातखाचरे भरली गेली, त्यांच्या बांधावरची झाडे गेली, परसातल्या हळदीची जागा सिमेंटच्या फरशीने घेतली. आता पातोळीची पाने कल्याणच्या बाजारातून विकत आणावी लागतात, असे त्याच बाईंनी पुढे सांगितले. गोदाम हे सुक्या मालाचे घर आहे. 'गोदाम' हा शब्दही मलायी 'गुदांग'पासून बंदरोबंदरी फिरत आलेला.

बोलीच्या अभ्यासकाला येथे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. वस्तू गेली की तिचे मुख्य नाव काही काळ टिकते. पण तिच्या भोवतालचे लहान शब्द, जसे पानाच्या कोवळेपणाचे, पिठाच्या सैलपणाचे, वाफ बसल्याच्या खुणेचे, आधी जातात. मानकोलीत अशा शब्दांची टिपणे करताना असे दिसून आले की, साठीच्या पुढील स्त्रियांना ते कृती करताना आठवतात, प्रश्नावली समोर ठेवल्यावर आठवत नाहीत. त्यामुळे विभागाच्या ज्या विद्यार्थ्यांना या भागात क्षेत्रकार्य करावयाचे असेल त्यांनी ते दिवाळीच्या सुटीवर ढकलू नये. नागपंचमी ते गौरी-विसर्जन हा काळ त्यासाठी योग्य आहे, आणि जाताना हळदीची पाने बरोबर न्यावीत.